साकव की कमान

ओढ्याच्या अलीकडे तळसवाडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा तरुण होता.

भोळा म्हणजे किती? शाळेत असताना गुरुजी एकदा म्हणाले, "घंटा झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही." नेमका त्या दिवशी घंटा वाजवायचा हातोडा हरवला. पोरं घरी गेली. गुरुजी घरी गेले. केरबा बसून राहिला. शेवटी आई शोधत आली. तिनं घंटेवर दगड मारला, तेव्हा हा उठला. "झाली घंटा," म्हणाला आणि दप्तर उचलून घरी गेला.

सातवीनंतर त्याची शाळा सुटली. पण अंगात आळस नव्हता. तालुक्याला जाऊन तीन आठवडे कॉम्प्युटर शिकला आणि गावच्या पंचायतीत कॉम्प्युटरपुढे बसायला लागला. सरपंच यमुनाकाकी त्याचं कौतुक करायच्या. "पोरगं गुणाचं हाय. सांगितलं तेवढं करतं."

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणायचे, "तेवढंच करतं काकी, तीच तर पंचाईत आहे."

आता गावाची अडचण अशी, की डांबरी रस्ता, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं ओढ्याच्या पलीकडे. उन्हाळ्यात ओढा घोट्याएवढा. आषाढात गळ्याएवढा. मग आठ-आठ दिवस गाव अलीकडेच अडकायचं. गावाला हवा होता एक साकव. साकव म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा लहानसा पूल.

केरबाला तर साकव सगळ्यांपेक्षा जास्त हवा होता. पलीकडच्या बोरवाडीतल्या रंगरावांच्या सुगंधाशी त्याचं लग्न जमत आलं होतं. बघायला गेला तेव्हा सुगंधानं चहा देताना विचारलं होतं, "साखर कितीक घालू?" केरबा म्हणाला होता, "कपात मावंल तेवढी." ती तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून केरबाला दुसरं काही गोड लागत नव्हतं.

पण रंगराव अडून बसले. "पोरगा साधा हाय, चालंल. पण पावसाळ्यात माझी पोरगी आजारी पडली तर काय टोपलीत घालून आणणार? साकव होऊ द्या. मग सुपारी फोडू."

अशात एका सोमवारी तालुक्याच्या कार्यालयातून पत्र आलं. गावाला एक काम मंजूर होणार होतं. साकव किंवा गावाच्या वेशीवर स्वागत कमान. दोन्हींतलं कुठलं, ते गावानं ठरवायचं. पण हात वर करून नाही. ऑनलाइन फॉर्म करायचा, लोकांनी तो मोबाइलवर भरायचा. कमीत कमी दोनशे उत्तरं हवीत. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आली नाहीत, तर काम दुसऱ्या गावाला.

पत्र आठ पानांचं होतं. साडेसात पानं फॉर्म कसा दिसावा यावर होती. अर्ध्या पानात ओढा उरकला होता.

गावात कमान हवी असणारा माणूस एकच. माजी सरपंच दौलतराव. कमानीवर त्यांच्या वडिलांचं नाव लागणार होतं. बाकी सगळं गाव साकवाच्या बाजूचं. म्हणजे भिण्यासारखं काही नव्हतं. फक्त फॉर्म करायचा होता.

फॉर्म करायला केरबा बसला.

भाऊसाहेबांकडे तीन गावं होती. ते मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाले, "केरबा, फॉर्मच्या वरच्या बाजूला गावाचा फोटो टाक. आकर्षक दिसतं. आणि गाव सगळं आलं पाहिजे बरं का. कोणी राहिलं म्हणून ओरड नको."

केरबानं मान हलवली. "कळलं," म्हणाला.

मंगळवारी सकाळी तो मोबाइल घेऊन गावात फिरला. गावात एक्याण्णव घरं. एक्याण्णव फोटो काढले. मग देऊळ काढलं. पाण्याची टाकी काढली. गोठे काढले, कारण म्हशीसुद्धा गावातच राहतात. एक म्हैस मोबाइलकडे बघेना. तिच्यापुढे पाऊण तास गेला. दुपारी एकशे चौतीस फोटो एकाखाली एक लावून झाले, आणि सगळ्यात खाली, म्हशीच्या फोटोखाली, प्रश्न बसला.

लिंक गावाच्या ग्रुपवर पडली. गाव खूष झालं. जो तो आपलं घर येईपर्यंत बोटानं पान सरकवायचा, घर आलं की थांबायचा, घरात सगळ्यांना दाखवायचा आणि मोबाइल ठेवून द्यायचा. ज्याचं घर पहिलं, त्याचं काम एका मिनिटात झालं.

संध्याकाळपर्यंत एक उत्तर आलं. "माझ्या घराचा फोटो परत काढणे. दोरीवर गोधडी दिसते."

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, लोक फोटो बघायला येणार आहेत का? प्रश्न कुठाय प्रश्न? नीट ऐक. जे महत्त्वाचं ते मोठं करायचं. बाकीचं बारीक."

केरबानं मान हलवली. "कळलं. महत्त्वाचं ते मोठं."

बुधवारी केरबा विचार करत बसला. या फॉर्मात महत्त्वाचं काय? प्रश्न? प्रश्न तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. मग पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की फॉर्मवर तालुक्याच्या साहेबांचं नाव व पद टाकावं. साहेब गावात आले की काकी खुर्ची पुसतात. भाऊसाहेब उभे राहतात. चहाला कपबशी निघते. म्हणजे महत्त्वाचे साहेबच.

त्यानं साहेबांचं नाव मोठं केलं. इतकं मोठं, की एका पडद्यावर नुसतं पहिलं अक्षर मावायचं. नाव संपलं की पद. पद संपलं की कार्यालयाचा पत्ता. आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात साकव आणि कमान.

दुपारी यमुनाकाकींच्या दारात बायकांची गर्दी झाली. "काकी, हे साहेब निवडणुकीला उभं राहिल्यात का?"

"कोण म्हणतं?"

"आवो, बोटानं सारतोय सारतोय, साहेबच संपंनात. मी आपलं देऊन टाकलं मत."

काकी तशाच तरातरा पंचायतीत आल्या. केरबाच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. पण पोरगं गुणाचं, म्हणून आवाज चढवला नाही.

"केरबा, पंगतीत वाढलंयस का कधी?"

"व्हय काकी."

"सगळं एकदम पानात वततोस का? भात, आमटी, लापशी, सगळं एका फटक्यात?"

"न्हाई काकी. लापशीत आमटी जाती."

"मग! एका येळी एकच वाढायचं. ते खाऊन झालं, की पुढचं. फॉर्मचंबी तसंच. एका पानावर एकच गोष्ट. कळलं?"

केरबानं मान हलवली. "कळलं. एका येळी एकच."

गुरुवारी फॉर्म देखणा झाला. साहेब बारीक झाले. फोटो गेले. एका पानावर एकच गोष्ट. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "तुम्हाला काय हवं?" आणि खाली एकच पर्याय, कमान. दुसऱ्या पानावर पुन्हा "तुम्हाला काय हवं?" आणि खाली साकव. मग नाव, वय, घरपट्टी, प्रत्येकाला वेगळं पान. दोन्ही पर्याय एका पानावर वाढले असते, तर लापशीत आमटी गेली असती.

कमान आधी का? तर बाराखडीत क आधी येतो. तेवढं केरबाला पक्कं येत होतं.

आणि पत्रात सांगितलं होतं, की उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडता कामा नये. तेही त्यानं केलं. म्हणजे ज्याला साकव हवा, त्याला आधी कमानीवर खूण करावी लागत होती. कमानीवर खूण केली, की ते उत्तर धरलं जायचं. पुढच्या पानावर साकवावर खूण केली, की मशीन सांगायचं, "तुम्ही उत्तर दिलेलं आहे."

दुपारी बारापर्यंत त्रेसष्ट उत्तरं आली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट कमानीला.

दौलतराव पारावर येऊन बसले. डोळ्यात पाणी. "मला वाटायचं गाव वडिलांना विसरलं," म्हणाले. "जनतेच्या मनात काय असतं, ते सांगता येत नाही."

भाऊसाहेब दुसऱ्या गावचं काम टाकून धावत आले. सगळी उत्तरं पुसायला लावली. दोन्ही पर्याय स्वतः एका पानावर घेतले. तेवढ्यात पंचाहत्तर वर्षांचे म्हादूतात्या काठी आपटत आत आले. "भाऊसाहेब, त्यात नाव विचारतंय, वय विचारतंय, घरपट्टी भरली का विचारतंय. पुढं दाबलं की अजून पुढं. ह्याला शेवट हाय का? मी मधीच दिला सोडून."

भाऊसाहेबांना पटलं. "केरबा, एक पट्टी टाक वरती. किती झालं आणि किती राहिलं, ते माणसाला सारखं दिसलं पाहिजे. म्हणजे माणूस कंटाळून मध्येच उठत नाही. शेवटपर्यंत टिकतो."

केरबानं मान हलवली. "कळलं. किती झालं, किती राहिलं, सारखं दाखवायचं. म्हंजी माणूस मधी उठत न्हाई."

पट्टी टाकायला तो बसणार, तोच आईचा निरोप आला. घरी ये. रंगराव आलेत, घर बघायला.

पोरगी द्यायच्या आधी घर बघायची रीत. केरबाच्या आईनं सकाळपासून चूल थंड होऊ दिली नव्हती. ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, भजी. रंगराव पाटावर बसले. केरबा त्यांच्यासमोर बसला आणि टक लावून त्यांच्या ताटाकडे बघायला लागला.

रंगरावांनी पहिली पोळी संपवली.

"पंचवीस टक्के झालं," केरबा म्हणाला.

"काय?"

"पंचाहत्तर राहिलं."

रंगराव हसले. त्यांना वाटलं, पोरगा मस्करीचा आहे. दुसरी पोळी संपली.

"पन्नास टक्के. निम्मं आलं, पावणं. आता मागं फिरू नका."

केरबाची आई दारामागून हातवारे करायला लागली. केरबाला वाटलं, आकडा चुकला. त्यानं ताट पुन्हा नीट बघितलं. "चुकलं. भजी धरली न्हवती. पंचेचाळीस."

रंगरावांचा हात भज्यावर थबकला. मग कुरडईवर थबकला. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी फॉर्मात न्हाई," केरबा म्हणाला. "पाण्यानं पुढं सरकत न्हाई."

रंगराव पंचेचाळीस टक्क्यांवर उठले. चूळ भरताना म्हणाले, "वहिनी, आजवर लय घरी जेवलो. घास मोजणारं घर पहिल्यांदा बघितलं. बरं, शब्द दिलाय. साकव झाला तर बघू."

ते गेले. आई चुलीपाशी बसली. रडावं की ओरडावं, तिला ठरवता येईना. तिनं दोन्ही केलं.

"आरं माझ्या बाबा! पावणा दारात आला की हात जोडायचं. 'आलात, बरं वाटलं, आभारी हाय, पुन्यांदा या,' एवढंच म्हणायचं. त्याला मोजायचं न्हाई, इचारायचं न्हाई. आपलं घोडं पुढं दामटायचं न्हाई."

केरबाला खूप वाईट वाटलं. त्यानं मान हलवली. "कळलं, आई. हात जोडायचं. काही इचारायचं न्हाई."

शुक्रवारी सकाळी गावाच्या ग्रुपवर नवीन फॉर्म आला. एकच पान. मधोमध जोडलेले दोन हात. खाली सुवाच्य अक्षरात, "आलात, बरं वाटलं. आभारी आहे. पुन्हा या." बास. प्रश्न एकसुद्धा नव्हता.

लोक गहिवरले. सरकारकडून इतकं गोड काही गावात कधी आलं नव्हतं. म्हादूतात्यांनी तो दोनदा उघडला. "पुन्हा या म्हणतंय, म्हणून गेलो," म्हणाले. एकशे ऐंशी माणसं आली आणि खूष होऊन गेली. उत्तर एकाचंही नाही, कारण विचारलंच नव्हतं.

आता एकच दिवस उरला. यमुनाकाकींनी पदर खोचला आणि केरबाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "आता मी बोलते. तू नुसतं बोट हलव."

काकींनी सांगितलं, केरबानं केलं. साकव वरती, मोठा, हिरवागार, शेजारी पुलाचं चित्र, चित्राला झेंडूची माळ. कमान सगळ्यात खाली, राखाडी, फिकट, जुन्या पातळासारखी. काकी समाधानानं म्हणाल्या, "आता कोन चुकतंय बघू."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. तालुक्याचे साहेब तपासणीला आले होते. काकींनी खुर्ची पुसली. भाऊसाहेब उभे राहिले. साहेबांनी पडदा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा काय प्रकार आहे? एक पर्याय नवरदेवासारखा सजवलाय, दुसरा म्हणजे भिकाऱ्यासारखा. हा सरळ पक्षपात झाला. असा फॉर्म मी रद्द करीन."

काकींचा चेहरा उतरला. भाऊसाहेब केरबाकडे बघायला लागले.

साहेब केरबाला म्हणाले, "इकडे बघ. साकव असो की कमान, दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. रंग सारखा, उंची सारखी. एक मोठा, एक लहान, हे चालायचं नाही. आपण कोणाच्याही बाजूचे नाही. समजलं?"

केरबानं मान हलवली. "समजलं, साहेब. दोन्ही सारखे दिसलं पायजेत."

आणि खरोखर समजलं होतं. त्यानं दोन्ही पर्याय शेजारी शेजारी घेतले. रंग सारखा केला. पडद्यावर फूटपट्टी लावून उंची मोजली. साहेबांनी मान डोलावली. गाव म्हणालं, देव पावला. केरबानं पहिल्यांदाच सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या जागी केली होती.

शनिवारी सकाळपासून उत्तरं यायला लागली. दहाला सत्तर. बाराला एकशे तीस. काकी घरोघर फिरल्या. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता, त्यांना शेजाऱ्याच्या मोबाइलवर भरायला लावलं. चारला दोनशे ओलांडले. साडेचारला दोनशे बारा झाले. दोनशे अकरा साकवाला. एक कमानीला. तो एक कोणाचा, ते सगळ्यांना माहीत होतं. दौलतराव पारावरून उठून घरी गेले होते.

काकींनी गूळ वाटला. केरबाच्या आईनं देवापुढं साखर ठेवली. भाऊसाहेबांनी केरबाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता निकाल जरा नीटनेटका कर आणि पाचच्या आत साहेबांना पाठव." आणि तेही गूळ खायला गेले.

केरबानं निकाल उघडला. मशीननं आपोआप त्याचं चित्र काढलं होतं. दोन उभे खांब. साकवाचा खांब ताडासारखा, पार वरच्या कडेला टेकलेला. कमानीचा खांब जमिनीतून नुकत्याच निघालेल्या कोंबाएवढा.

केरबा दचकला. एक मोठा, एक लहान! साहेब काय म्हणाले होते? रद्द करीन म्हणाले होते. नशीब, वेळेत दिसलं. त्यानं दोनशे अकरा आणि एक यांची बेरीज केली. दोनशे बारा. त्याचे निम्मे एकशे सहा. साकवापुढे एकशे सहा लिहिले. कमानीपुढे एकशे सहा लिहिले. दोन्ही खांब सारखे उभे राहिले. रंग सारखा, उंची सारखी. फूटपट्टी लावून बघितली. एका केसाचाही फरक नव्हता.

चार पंचावन्नला त्यानं निकाल पाठवला आणि गूळ खायला गेला.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून पत्र आलं. पत्रात केरबाचं कौतुक होतं. "निकालाची मांडणी अत्यंत समतोल आहे," असं साहेबांनी लिहिलं होतं. "दोन्ही कामांना समसमान कौल मिळाल्यामुळे दोन्ही कामं निम्मी निम्मी मंजूर करण्यात येत आहेत."

काकी चार माणसं घेऊन तालुक्याला गेल्या. "साहेब, चूक झाली. गाव साकवाच्या बाजूला हाय. दोनशे अकरा!"

"माझ्याकडे एकशे सहा आहेत."

"आवो, पोरानं दोन्ही सारखं केलं!"

"फार छान केलं. इतर गावांचे निकाल बघा. एक खांब इकडे, एक तिकडे. नुसती ओढाताण."

"पण निम्मा साकव म्हंजी काय, साहेब? त्यावरनं जायचं कसं?"

साहेब चष्मा काढून म्हणाले, "बाई, काल तुमच्याकडे किती साकव होता? काहीच नव्हता. आता पन्नास टक्के आहे. याला प्रगती म्हणतात."

पावसाच्या तोंडावर दोन्ही कामं पुरी झाली. म्हणजे निम्मी पुरी झाली. साकव तळसवाडीच्या काठावरून निघाला, ओढ्याच्या मधोमध आला आणि थांबला. वेशीवर कमानीचा एकच खांब उभा राहिला. वरचा भाग जिथं वळायला लागतो, तिथं तोही संपला. दौलतरावांच्या वडिलांचं नाव निम्मंच मावलं. दौलतराव ते रस्त्यावरच्या माणसांना तोंडी पुरं करून सांगायचे.

गावानं केरबाशी बोलणं टाकलं. केरबाची आई मात्र आई होती. तिनं त्याला समोर बसवलं.

"केरबा, त्या दिवशी नेमकं काय झालं, सांग मला."

केरबानं सांगितलं.

आईनं डोळे मिटले. "आरं, आपल्याला जे पायजे, ते ठासून सांगायचं असतं. साकव पायजे तर साकव! कुणी दहांदा इचारलं तरी साकव! ह्ये बी चालंल, त्ये बी चालंल, असं मधलं बोलायचं न्हाई. दुसरा शब्द तोंडातनं काढायचा न्हाई. आता तरी कळलं का?"

केरबाच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं मान हलवली. "कळलं, आई. कुणीबी इचारलं तरी साकव. दुसरा शब्द न्हाई."

आषाढ लागला. ओढा गळ्याएवढा झाला. एका सकाळी पलीकडच्या काठावर दोन छत्र्या दिसल्या. रंगराव आणि सुगंधा. आख्खं गाव अलीकडे जमलं. आईनं केरबाला नवा सदरा घालून निम्म्या साकवाच्या टोकाला नेऊन उभं केलं. मधे वीस हात पाणी.

रंगराव तोंडापाशी हात धरून ओरडले, "पावणं! खरं तर मी नगं म्हणत होतो! पण पोरगी हट्टाला पेटलीय! म्हणती, निम्मा साकव झालाय, उरलेला बी हुईल! तवर मी पावसाळ्यात माहेरी जाणार न्हाई, एवढंच ना, म्हणती!"

सुगंधा छत्रीआड हसत होती. काकी रडायला लागल्या. आईनं केरबाच्या पाठीवर हात ठेवला.

"मी शब्दाचा माणूस हाय!" रंगराव ओरडले. "सगळ्या गावापुढं एकदा तुमच्या तोंडून ऐकतो, आन् सुपारी फोडतो! सांगा, तुम्हाला माझी सुगंधा पायजे का?"

गावानं माना पुढे काढल्या. केरबानं छाती भरून श्वास घेतला.

"साकव!" तो ओरडला.

रंगरावांनी कानामागं हात धरला. "ऐकू आलं न्हाई! सुगंधा पायजे का?"

"साकव!"

आईनं त्याचा सदरा ओढला. काकी म्हणाल्या, "आरं, व्हय म्हण, व्हय!" केरबानं दोघींकडे बघितलंसुद्धा नाही. मधलं बोलायचं नाही, हे त्याला आता पाठ झालं होतं.

पलीकडे सुगंधाची छत्री खाली आली. ती हसायची थांबली होती. रंगरावांचा आवाज आता चिरकला. "शेवटचं इचारतो! माझी पोरगी पायजे, का साकव पायजे?"

"साकव!"

रंगरावांनी सुगंधाचा हात धरला आणि पाठ फिरवली. दोन छत्र्या बोरवाडीच्या वाटेला लागल्या, लहान होत गेल्या आणि झाडांत दिसेनाशा झाल्या. आई निम्म्या साकवावर मटकन खाली बसली.

केरबा तिच्याशेजारी बसला. घामानं निथळत होता, पण चेहरा उजळला होता.

"आई," तो म्हणाला, "या वेळी एक बी चूक झाली न्हाई. तीनदा इचारलं, आन् तिन्ही वेळा बरोबर सांगितलं."